अजिंठ्याच्या नकला आणि मुंबईचे विद्यार्थी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे रंग पोपडे धरून गळत चालले होते. मेजर गिल यांनी उतरविलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या आगीत भस्मसात झाल्या. म्हणून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांसह लेण्यांत जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्याच साली यांतीलही पुष्कळ नकला लंडनमध्ये जळाल्या. उरलेल्या तेथील व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांतील भिंतीवरून जे पुसले गेले, ते कोठे कोठे या नकलांतच वाचले आहे. नकल करणे हे हलके काम होय, असे समजणाऱ्यांनी शिष्यांच्या या श्रमांचे स्मरण ठेवावे.