299 रुपयांचा ड्रेस

साताऱ्यात काय नि सांगलीत काय, आमच्या वस्तीत आता कुरिअरवाला रोज येतो. मोबाईलवर मागवलेला 299 रुपयांचा ड्रेस पोरगी अंगाला लावून बघते आणि शहाणी माणसे तिला उधळी ठरवतात. आम्ही ठरवणार नाही. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृतीत लिहिले आहे. ती डिसेंबर 1927 मध्ये महाडला जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी महिलांना लुगडे पायघोळ नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, असे सांगितले. नीटनेटका कपडा ही आमची चैन नव्हे.

पण गल्लीतल्या मावशीची नुसती शिलाई याहून जास्त होते. मग कापड, शिलाई, कुरिअर धरून 299 जमते कसे? कुणाच्या तरी मजुरीतून. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून 1100 हून अधिक माणसे मेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या बाया. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते.

हे सांगितले की पोरी म्हणतात, मावशीकडेच शिवू, पण पैसे? साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहून मिळणाऱ्या पगारात ते बसत नाही.