एक हेक्टर सहा आर

सातबाऱ्यावर १.०६ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक हेक्टर सहा आर. देवळी तालुक्यातल्या एका अंगणात मी बनवलेलं खताचं कॅल्क्युलेटर एका काकांच्या हाती दिलं, तेव्हा त्यांनी मोबाइलवर टाकलं १.६. तोंडाने आपण ‘एक हेक्टर सहा आर’ म्हणतो, मग बोटं तेच दाबतात. स्क्रीनवर युरिया आला १६८ किलो. लागणार होता १११. मधले ५४ आर, म्हणजे सव्वा एकराहून जास्त वावर, जे त्यांच्याकडे नव्हतंच.

काका म्हणाले, “भाऊ, माह्या वावरात एवढा युरिया कधीच पडला नाही.” हिशेबातली चूक कोणत्याही चाचणीआधी त्या वाक्याने पकडली. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी एकच रकाना ठेवला होता. आता दोन आहेत, हेक्टरचा वेगळा आणि आरचा वेगळा, आणि आरच्या रकान्यात ९९ च्या पुढचा आकडा जातच नाही.

त्याच अंगणात दुसरी गोष्ट कळली. काकांच्या मुलाने मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले आणि उत्तर आलंच नाही. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘१’ हा आकडा वाटतच नाही. तिच्या लेखी तो नुसतं अक्षर. मराठी माणसासाठी मराठीत बनवलेलं साधन मराठी आकडा नाकारत होतं, हे मला फार लागलं. दहा अंकांची अदलाबदल करायला दहा ओळीही लागल्या नाहीत.

खरी गुंतागुंत मात्र खताच्या हिशेबात आहे. समजा, माती परीक्षणाच्या कार्डावर पऱ्हाटीसाठी हेक्टरी ६०:३०:३० आलंय. नत्र ६०, स्फुरद ३०, पालाश ३०. युरियात नत्र ४६ टक्के. ६० ला ०.४६ ने भागलं की १३० किलो युरिया. इथेच पुष्कळ जण थांबतात आणि इथेच घोटाळा होतो. स्फुरदासाठी डीएपी टाकतो ना आपण? ३० किलो स्फुरदाला ६५ किलो डीएपी लागतं आणि त्यात १८ टक्के नत्र असतं, म्हणजे पावणेबारा किलो. ते आधी वजा करायला हवं. मग युरिया उरतो १०५ किलो. फरक हेक्टरी २५ किलोंचा, अर्ध्या बॅगेहून जास्त.

बॅग म्हटलं की आणखी एक पेच. युरियाची बॅग २०१८ पासून ५० ची ४५ किलोची झाली. डीएपीची ५० चीच राहिली. जुनं कॅल्क्युलेटर अजून ५० ने भागत असेल, तर काकांच्या १११ किलोंसाठी सव्वादोन बॅगा सांगेल आणि वावराला दहा-अकरा किलो कमी पडेल. म्हणून मी उत्तर ‘२ बॅगा आणि वर २१ किलो’ असं देतो. दशांशातली बॅग कृषी केंद्रात मिळत नाही.

परदेशी कॅल्क्युलेटर वापरताना तर जपूनच राहावं. आपल्याकडे कार्डावरचं ‘स्फुरद’ म्हणजे स्फुरदाचं ऑक्साइड, बॅगेवर छापलेले ४६ टक्केही त्याचेच. काही ठिकाणी निव्वळ मूलद्रव्याचा हिशेब धरतात. दोन्हींत २.२९ पटीचा फरक आहे. एका खुणेचा अर्थ चुकला की ६५ किलो डीएपीच्या जागी १४९ किलो.

हेक्टरचे एकर करायचे तर २.४७१ ने गुणायचं. बोलण्यात आपण अडीच म्हणतो, आणि दहा हेक्टरांत पाव एकराहून जास्त जमीन उगाच वाढते. मोबाइलची स्वतःची खोड वेगळीच. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तो ०.३ देतो, मग शून्यांची रांग आणि शेवटी ४. म्हणून आकडा मध्ये कुठेच पूर्णांकात आणायचा नाही, अगदी शेवटी एकदाच.

आता मी प्रत्येक बदलानंतर तीस-चाळीस उदाहरणं आधी कागदावर सोडवतो. शून्य, रिकामा रकाना, फक्त आर, आणि काकांचं १.०६ तर कायमचंच. पण माझ्या मते विश्वास बसतो तो उत्तराखाली मांडलेल्या पायऱ्यांमुळे. नुसता आकडा सांगणाऱ्यावर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा? पायऱ्यांच्या खाली मी लिहितो की शिफारस तुमच्या कार्डावरून घ्या, आणि बॅगेचं वजन कोणत्या तारखेला तपासलंय.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा काकांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि वही काढली. पेन्सिलने मांडलं, ६३.६ मधून १२.४ गेले, उरले ५१.२. भागाकार थोडा वेळ घेऊन केला. १११ आले. स्क्रीनवरही तेच होते. त्यांनी वहीतल्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि विचारलं, “हे बराबर हाये. पण युरिया एकाच खेपी टाकाचा का दोनदा?”

हप्त्यांचा रकाना मी केलाच नव्हता.