वांग घालवण्याची घाई

औषधाच्या दुकानात नेहमी दिसणारे दृश्य. एक बाई येतात. हातात चिठ्ठी नसते, मोबाइलमध्ये जुन्या ट्यूबचा फोटो असतो. ‘‘हीच द्या, वांगासाठी.’’ दुकानदार मागे वळून ट्यूब काढतो, पैसे घेतो, विषय संपतो. नणंदेने, शेजारणीने किंवा पार्लरमधल्या ताईंनी सुचवलेली ही ट्यूब आठवडा-दोन आठवड्यांत खरोखरच गुण देते. अडचण तिथूनच सुरू होते.

वांग, म्हणजे वैद्यकीय भाषेत मेलाझ्मा. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर किंवा वरच्या ओठावर तपकिरी, काळपट डाग येतात. त्यांच्या कडा नकाशावरच्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या असतात आणि बहुधा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना डाग सारखेच उमटतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, दुसऱ्याला लागत नाहीत आणि त्यांचा कर्करोगही होत नाही. तरीही भेटणारा प्रत्येक जण ‘‘चेहऱ्याला काय झालं?’’ असे विचारत असेल, तर ‘निरुपद्रवी आहे’ या शब्दांनी समाधान होत नाही. लग्नसमारंभ टाळणाऱ्या, फोटो काढताना मागे सरणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. प्रमाण स्त्रियांत जास्त असले तरी उन्हात राबणाऱ्या पुरुषांनाही वांग होतो.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. त्या पेशींत हे कण केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात आणि उन्हाचा मारा झेलतात. म्हणजे काळेपणा हे मुळात संरक्षण आहे. वांगामध्ये रंग बनवणाऱ्या या पेशी हळव्या होतात. थोडे ऊन लागले, हार्मोन थोडे हलले, त्वचा जरा चोळली गेली, की त्या गरजेपेक्षा जास्त रंग ओततात. हा हळवेपणा अनेकदा घराण्यात असतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना तो उघडा पडतो. बाळंतपणानंतर काही जणींचे डाग आपोआप फिके होतात, काहींचे राहतात. ‘पित्त वाढले’, ‘रक्त बिघडले’, ‘लिव्हर खराब आहे’ ही घरोघरी ऐकू येणारी कारणे मात्र वांगाला लागू पडत नाहीत.

काहींच्या त्वचेत हा रंग खालच्या थरापर्यंत झिरपतो. वरून लावलेले औषध तिथवर नीट पोहोचत नाही, म्हणून खोल गेलेला वांग चिवट असतो. आणि डाग फिका झाला तरी पेशींचा हळवेपणा जात नाही. वांगाकडे पाहायचे ते रक्तदाबाकडे पाहतो तसे. तो आटोक्यात ठेवता येतो, ‘कायमचा’ घालवण्याची हमी कोणी देऊ नये. देणाऱ्यापासून सावध राहावे.

आता त्या ट्यूबविषयी. अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून एक मिश्रण मांडले. पहिले रंग बनण्याची प्रक्रिया मंदावते, दुसरे पेशींची उलाढाल वाढवते, तिसरे या दोघांमुळे होणारी आग शमवते. त्याच धर्तीचे तिहेरी मलम आजही वांगावरचे प्रभावी औषध मानले जाते, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मोजक्या आठवड्यांसाठी. अमेरिकी औषध प्रशासनाने २००२ मध्ये अशा मलमाला मान्यता दिली, ती ८ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. आपल्याकडे तीच जातकुळी गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावली जाते. कधी तर नुसते बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे कडक स्टेरॉइडच चेहऱ्यावर जाते.

स्टेरॉइडने त्वचा लवकर उजळते, हाच सापळा. महिन्यांमागून महिने गेले की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते, गालांवर लव वाढते, उन्हात जाताच चेहरा पेटल्यासारखा होतो. घाबरून मलम बंद करावे तर दोन-चार दिवसांत लाली आणि आग आणखी वाढते. मग पुन्हा तेच मलम. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नाव दिले, यावरूनच तिचा पसारा कळावा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, निदान कागदावर तरी.

हायड्रोक्विनोनही दीर्घकाळ वापरण्याचे औषध नव्हे. क्लिगमन यांचा शोधनिबंध आला त्याच वर्षी, १९७५ मध्येच, दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी या द्रव्याची उजळपणाची मलमे भरमसाट वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर निळसर काळे, खरखरीत डाग नोंदवले होते. ऑक्रोनोसिस म्हणतात ते हेच. मूळ वांगापेक्षा ते कितीतरी हट्टी असतात.

आणि नाव-गाव नसलेल्या डब्यांतल्या क्रीम? त्यांत पारा असू शकतो. भारतात सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालण्यास मनाई आहे, तरी असा माल बाजारात सापडतो. केरळमधील डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत मूत्रपिंडाच्या एका आजाराच्या रुग्णांमध्ये अशा क्रीमच्या वापराचा धागा शोधून काढला. चेहरा उजळण्यासाठी लावलेले द्रव्य लघवीच्या तपासणीत प्रथिने वाहून जाण्यापर्यंत पोहोचले होते.

योग्य उपचाराची सुरुवात फारशी आकर्षक नसते. ती असते सनस्क्रीनपासून. एसपीएफ ३० किंवा अधिक, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ भरेल एवढे, आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढा ठिपका लावून काही होत नाही. सावळ्या त्वचेत वांगाला अतिनील किरणांप्रमाणे डोळ्यांना दिसणारा उजेडही चिथावतो, हे आता स्पष्ट झाले आहे. तो साध्या सनस्क्रीनने पुरेसा अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. खिडकीच्या काचेतूनही हा उजेड येतोच. दुचाकीवरच्या मुलींनी डोळे तेवढे उघडे ठेवून बांधलेल्या स्कार्फची टिंगल पुष्कळ झाली; वांगाच्या दृष्टीने मात्र तो शहाणपणाच आहे, कापड घट्ट विणीचे असेल तर. शेतावर जाणाऱ्या बाईला दिवसातून चार वेळा सनस्क्रीन परवडत नाही. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणि जाड सुती कापड हेच पहिले औषध.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, जोरात चोळायचे स्क्रब यांनी त्वचा भाजते किंवा सोलते, आणि सोलल्या जागी रंग अधिक गडद होतो. गरोदर स्त्रियांनी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन टाळावे. डॉक्टर गरजेनुसार अॅझेलेइक अॅसिडसारखा सौम्य पर्याय देतात. पील आणि लेसर ही पुढची पायरी. आपल्या वर्णाच्या त्वचेत लेसरनंतर डाग उलटून गडद होण्याचा धोका असतो, तेव्हा सुरुवात तिथून नको.

एक औषध अनपेक्षित वाटेने आले. रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड जपानमध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला दिले असता त्याचा वांगही फिका झाल्याचे १९७९ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आले. आज चिवट वांगासाठी ते कमी मात्रेत, काही महिने, गोळीच्या रूपात दिले जाते. पण ते गुठळी टिकवणारे औषध आहे. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

शिवाय चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. कपाळाच्या कडेला, कानशिलाजवळ आणि मानेवर जाडसर, मखमली काळेपणा असेल तर तो बहुधा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असतो. तिथे मलमापेक्षा साखरेची तपासणी आणि वजन महत्त्वाचे. केसांचा कलप, सुगंधी द्रव्ये किंवा कुंकू यांची अॅलर्जीही काळसर छटा सोडून जाते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्याव्यात. स्टेरॉइड बरेच दिवस लावले असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये, ते कसे सोडायचे हे डॉक्टर ठरवतात. ट्यूब फेकून दिली असेल, तर मोबाइलमधला तो फोटोही चालतो.