व्हॅनमधले कपडे आणि ओलाव्याचा हिशेब

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भटकायला जाणारे अनेक जण क्राइस्टचर्चला उतरतात आणि तिथूनच एखादी छोटी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतात. टोयोटाची हायएस किंवा तिच्याहूनही लहान एस्टिमा. मागच्या सीट काढून तिथे पलंग केलेला, पलंगाखाली सामानाचे कप्पे, मागचं दार वर उचललं की शेगडी आणि हात धुण्याचं बेसिन. एवढ्यात दोन माणसांनी पंधरा-वीस दिवस राहायचं, जेवायचं, झोपायचं. अशा गाडीत कपडे कसे ठेवावेत, यावर सल्ल्यांचा तोटा नाही. पण बहुतेक सगळे सल्ले जागेभोवती फिरतात. घड्या घालण्याऐवजी कपड्यांच्या वळकट्या करा, चेनच्या छोट्या पिशव्यांत वाटून ठेवा, हवा काढून दाबता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्या. यात चुकीचं काही नाही. पण जागेचा प्रश्न पहिल्या दिवशी अर्ध्या तासात सुटतो आणि पुन्हा फारसा डोकं वर काढत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास सुरू होतो तो वेगळाच: स्वच्छ धुतलेला सदरा पिशवीतून काढावा तर त्याला कुबट वास, मोजे गार आणि सर्द, आणि कालचा ओला टॉवेल आजही ओलाच. लहान व्हॅनमध्ये कपड्यांना खरी मर्यादा घालतो तो ओलावा. कपडे किती न्यायचे, कोणत्या धाग्याचे न्यायचे आणि गाडीत कुठे ठेवायचे, या तिन्ही गोष्टी ओलाव्याचा हिशेब मांडला की आपोआप ठरत जातात.

तो हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. दोघांचं मिळून कमीत कमी अर्धा लिटर धरू. आता गाडीतली हवा बघा. हायएसच्या आकाराच्या गाडीत फर्निचर वजा जाता सात-आठ घनमीटर हवा उरते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. म्हणजे सगळी हवा उबदार आणि पूर्ण भरलेली धरली, तरी तिच्यात सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या वर पाणी मावत नाही, आणि पहाटे गाडी गार पडली की त्यातलंही निम्म्याहून अधिक बाहेर पडतं. त्यात संध्याकाळचा स्वयंपाक मिळवायचा. गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही, कारण घरच्या स्वयंपाकघरात ते कुठेतरी विरून जातं. या गाड्यांतल्या छोट्या शेगड्यांना लागणारा ब्यूटेनचा २२० ग्रॅमचा डबा पूर्ण जळला, तर त्यातून सुमारे ३४० ग्रॅम पाणी निघतं. भाताची वाफ वेगळीच. दारं-खिडक्या बंद करून झोपल्यावर हे पाणी जाणार कुठे? थोडं काचांवर जमतं आणि सकाळी ओघळताना दिसतं. थोडं पत्र्यावर, अस्तराच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे. उरलेलं कपड्यांत आणि अंथरुणात.

हा शेवटचा वाटा लहान नाही. सुती कापड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तरी हाताला कोरडंच लागतं. साधारण ६५ टक्के आर्द्रतेत ते आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी बाळगून असतं; हवा पार दमट झाली की हे प्रमाण जवळपास दुप्पट होतं. दोघांचे मिळून दहा किलो सुती कपडे कप्प्यात असतील, तर पाऊण लिटरच्या आसपास जादा पाणी ते कोणाच्या नकळत पोटात घेऊ शकतात. त्यामुळे ‘दोन जोड जास्त असलेले बरे’ हे घरी शहाणपणाचं वाटणारं धोरण इथे उलटतं. जास्त कपडे म्हणजे जास्त पाणी शोषणारा माल, आणि तोही ठासून भरलेला, म्हणजे मधून वारा न खेळणारा. बुरशीला एवढंच हवं असतं: ओलावा, थोडा मळ आणि न हलणारी हवा.

म्हणून कपडे ठेवण्याची जागा निवडताना कप्पा किती मोठा आहे यापेक्षा तो कशाला टेकलेला आहे ते आधी बघावं. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला थेट लागलेला कोपरा सगळ्यात वाईट, कारण तो रात्री सगळ्यात आधी गार होतो आणि दव तिथेच धरतं. पलंगाखालचा, जमिनीला चिकटलेला कप्पा दुसऱ्या क्रमांकाचा वाईट. दुर्दैवाने कपड्यांची पिशवी बहुतेक वेळा तिथेच ढकलली जाते, कारण ती दडपली तरी चालते अशी समजूत. खरं तर तिथे डबे, पाण्याचे कॅन, बूट, कॅम्पिंगच्या खुर्च्या असं ओलाव्याने न बिघडणारं आणि जड सामान जावं. जड वस्तू खाली असणं गाडीच्या तोलाच्या दृष्टीनेही बरं. कपड्यांना वरचे कप्पे किंवा सीटच्या पाठीमागची, आतल्या बाजूची जागा द्यावी. पत्र्यालगत ठेवणं भागच असेल तर मध्ये दोन बोटं फट सोडावी आणि पिशवी जाळीची घ्यावी. चेनच्या छोट्या पिशव्यांचा खरा उपयोगही इथेच कळतो. त्यांनी जागा वाचते म्हणतात, पण ती फार नाही. एक मोजा शोधण्यासाठी सगळं बोचकं पलंगावर उपडं करावं लागत नाही, हा मात्र मोठा फायदा. त्या पिशव्या जाळीदार असतील तर आत हवा खेळती राहण्याचा दुसरा फायदाही पदरात पडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो थंडीचा. हवा खेळती ठेवायची म्हणजे खिडकी उघडी ठेवायची, आणि एप्रिल-मे महिन्यातल्या न्यूझीलंडच्या रात्री खिडकी उघडी टाकून झोपणार कोण? शिवाय बाहेर पाऊस पडत असेल तर ओली हवा आत घ्यायची कशाला? आक्षेप रास्त वाटतो, पण वर दिलेले आकडे पुन्हा पाहिले तर तो टिकत नाही. बाहेर ५ अंश तापमान आहे आणि धो धो पाऊस लागलाय, म्हणजे ती हवा शंभर टक्के दमट आहे, असं समजू. तरी तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये पाणी आहे ७ ग्रॅमच. तीच हवा आत येऊन १५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर येते, म्हणजे ती चांगलीच कोरडी होते आणि आतलं बाष्प घेऊन बाहेर जायला मोकळी असते. थंड प्रदेशात पावसातसुद्धा खिडकी दोन बोटं उघडी ठेवल्याने गाडी कोरडी राहते. समोरासमोरच्या दोन फटी असतील तर आणखी उत्तम. थोडी ऊब जाते हे खरं. तिची भरपाई जास्तीच्या पांघरुणाने होते, ओल्या पांघरुणाची भरपाई मात्र कशानेच होत नाही. ओलावा शोषणारे खड्यांचे डबे बाजारात मिळतात. बंद उभ्या गाडीसाठी ते ठीक आहेत. रोज रात्री अर्धा लिटर पाणी सोडणाऱ्या दोन माणसांपुढे त्यांचा निभाव लागत नाही.

आता संख्या. वीस दिवसांच्या प्रवासाला वीस दिवसांचे कपडे कोणी नेत नाही, पण ‘दहा तरी असू देत’ असं मन म्हणतंच. इथे प्रवासाचे दिवस मोजून उपयोग नाही. एका धुण्यापासून दुसऱ्या धुण्यापर्यंतचे दिवस मोजायचे. दर पाचव्या दिवशी धुणार असाल तर आतले कपडे आणि मोजे पाच दिवसांचे, त्यात वाळण्याचा एक दिवस आणि अडीअडचणीला एक, म्हणजे सात जोड. प्रवास तीन आठवड्यांचा असो की तीन महिन्यांचा, हा आकडा बदलत नाही. वरचे सदरे तीन-चार, विजारी दोन, एक गरम थर, एक पावसाळी जाकीट, झोपायचा एक वेगळा जोड. चाळीस लिटरच्या मऊ पिशवीत एका माणसाचं सगळं बसतं. पिशवी मऊच हवी, कारण कडक सूटकेस रिकामी झाली तरी भरलेलीइतकीच जागा अडवते आणि रोज रात्री तिला पलंगावरून पुढच्या सीटवर हलवत बसावं लागतं.

धुवायचं कुठे, हे मात्र नकाशा समोर ठेवूनच ठरवायला हवं, आणि दक्षिण बेट यासाठी फार बोलकं उदाहरण आहे. टास्मन समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे सदर्न आल्प्सला अडतात आणि सगळं पाणी अलीकडेच रिकामं करतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या होकिटिकाला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो. पर्वतापलीकडच्या सेंट्रल ओटागोतल्या अलेक्झांड्राला चारशेसुद्धा भरत नाही. सह्याद्रीने कोयनेला भिजवून माण-खटावला कोरडं ठेवावं, तसाच हा प्रकार. हास्ट गावापासून खिंड ओलांडून वानाकाला पोचायला सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे अडीच-एक तास लागतात. किनाऱ्यावर तीन दिवस दोरीवर लोंबकळून जे वाळत नाही, ते खिंडीपलीकडे एका दुपारी वाळतं. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर धुणं काढलंच तर हॉलिडे पार्कमध्येच काढावं. भाड्याच्या तळांपैकी हे तळ सोयीचे. तिथे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीन बहुधा असतंच. रानातल्या सरकारी तळांवर ते मिळत नाही. खिंडीपलीकडे हाताने धुतलं तरी चालेल.

हाताने धुणाऱ्यांनी एक जपावं. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी उरतं. धुतलेली जीन्स रात्रभर गाडीत टांगली, तर दोन माणसांनी रात्रभर सोडावं तेवढं पाणी ती एकटी हवेत सोडते. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा पिळला की वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. यासाठी आपला साधा पंचा जाड टर्किश टॉवेलपेक्षा सरस: तो पातळ असतो, पिळायला हलका, आणि गाडी चालू असताना पुढच्या सीटमागे टांगला की दुपारपर्यंत कोरडा. चालत्या गाडीत हीटर आणि एसी एकत्र लावले तर एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि हीटर ती हवा तापवतो. काच साफ करण्यासाठी दिलेली ही सोय ओल्या मोज्यांनाही उपयोगी पडते.

धाग्याच्या बाबतीत मेरिनो लोकरीचं कौतुक जरा जास्त होतं, तरी त्यात तथ्य आहे. ओटागो विद्यापीठात झालेल्या संशोधनात, अंगावर घातल्यानंतर पॉलिएस्टरला घामाचा वास सगळ्यात जास्त आणि लोकरीला सगळ्यात कमी आढळला. सुती कापड मधोमध. म्हणजे लोकरीचा सदरा चार दिवस निभावतो आणि धुण्याची फेरी लांबते. पॉलिएस्टर याच्या उलट: वास लवकर धरतं, पण पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे रात्री धुतलं की सकाळी घालता येतं. मेरिनो महाग आहे, हा आक्षेप अगदी खरा. त्यावर उत्तर एवढंच की सगळं मेरिनो घ्यायची गरज नाही. अंगालगतचे दोन सदरे आणि मोजे लोकरीचे, बाकी पातळ कृत्रिम धाग्याचं, आणि सुती फक्त झोपायला. लोकर मात्र वाळवण्याच्या गरम मशीनमध्ये टाकू नये, आटते. हवा काढून दाबायच्या पिशव्यांचं काय? त्या आकार कमी करतात, वजन नाही. आणि किंचित सर्द कपडा त्यात बंद केला तर वास पक्का होतो. पूर्ण कोरडं, आठवडाभर लागणार नाही असं काही ठेवायला त्या चालतील.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा हा हिशेब आता आपल्याकडेही कामाचा आहे. फक्त कोकणात त्याचं उत्तर उलटं येतं. जुलैत मालवणला बाहेरची हवा २८ अंशांची आणि नव्वद टक्के दमट असते, म्हणजे घनमीटरमागे २४ ग्रॅमहून जास्त पाणी. इथे खिडकी उघडून ओलावा बाहेर जात नाही, आत येतो. हवा कोरडी करायची तर एसी चालवावा लागतो, आणि रात्रभर एसी म्हणजे मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी हवी. कपडे मोजताना धुण्याच्या फेरीपेक्षा वाळण्याचे दिवस जास्त धरावे लागतात. एका सुती सदऱ्याला दोन दिवस धरले तरी ते कमीच पडतील. पावसाळ्यातच जायचं असेल तर दर तीन-चार दिवसांनी एखाद्या लॉजवर खोली घ्यावी, पंख्याखाली दोरी बांधावी आणि सगळं एकदा कडक वाळवून पुढे निघावं. व्हॅनचं भाडं भरून वर खोलीचेही पैसे द्यायचे हे जिवावर येतं खरं, पण ते परवडत नसेल तर व्हॅन नोव्हेंबरातच काढलेली बरी.