तीन हजार युरोतून उरते किती?

नव्या किल्लारीतील आमच्या मेहुण्यांचा शिलाईचा गाळा विकायला निघाला होता. गिऱ्हाईक ठरले होते, इसाराची रक्कम तेवढी घ्यायची राहिली होती. कारण विचारले तर उत्तर आले, "पोराला जर्मनीला पाठवायचे आहे." पोरगा म्हणजे आमचा भाचा. आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन, वय चोवीस, लातुरात एका ठेकेदाराकडे वायरिंगचे काम करतो. कोण्या एजंटाने त्याला सांगितले होते की पगार महिना तीन हजार युरो आणि खर्च चार लाख, त्यातले अर्धे आधी. युरो शंभर रुपयांच्या वर गेलेला. भाचा आमच्या दुकानी येऊन म्हणाला, "मामू, महिना तीन लाख! वर्षभरात असे तीन गाळे घेतो."

आमचा धंदा कापडाचा. ठाण कितीला विकले एवढेच सांगणारा व्यापारी गाडीभाडे, हमाली, बुडीत उधारी आणि जी.एस.टी. सांगत नाही. तीन हजार युरो हा असाच वरचा भाव आहे. म्हणून आम्ही भाच्याला गादीवर बसविले आणि बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. आपल्या बिरादरीत ज्या घरात गवंडी, फिटर, प्लंबर, नर्स किंवा ड्रायव्हर मुलगा आहे त्या प्रत्येक घरात आज हीच चर्चा आहे, म्हणून तो हिशेब येथे देत आहोत.

चर्चा सुरू झाली ती एका करारापासून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबईशी या शहराचे नाते १९६८ पासून भगिनी-शहराचे आहे. चाकणला मोटारी बनविणारी मर्सिडीज आणि नाशिकला कारखाना असलेली बॉश या कंपन्यांचे मूळ घर स्टुटगार्ट आणि त्याच्या आसपास. होजिअरीचा माल ठेवणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना ग्रोझ-बेकर्टची सुई ठाऊक असेल. ती कंपनीही त्याच राज्यातील आल्बश्टाट या गावची, आणि चंदीगडलाही तिचा कारखाना आहे. किल्लारीकरांसाठी आणखी एक गोष्ट. त्या आल्बश्टाटला ३ सप्टेंबर १९७८ रोजी मोठा भूकंप झाला होता आणि हजारो घरांची पडझड झाली होती. असो.

करार झाला म्हणजे व्हिसा झाला, असे मात्र कोणी समजू नये. व्हिसा ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो. त्यासाठी जर्मन भाषा लागते, आणि आपले प्रमाणपत्र तिकडच्या प्रमाणपत्राच्या तोडीचे आहे असा दाखला लागतो. तिथला इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षे शिकून तयार होतो आणि आपली आय.टी.आय. दोन वर्षांची. त्यामुळे पुष्कळदा अर्धीच मान्यता मिळते आणि उरलेले तिथे काम करता करता पुरे करावे लागते. तोपर्यंत पगार कमी मिळण्याचा संभव असतो. एजंट हे सांगत नाही.

आपल्या लोकांच्या डोक्यात परदेश म्हणजे आखात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मराठवाड्यातून किती मुले सौदी, दुबई, कुवेतला गेली. तिथला हिशेब सोपा. पगारावर कर नाही, खोली बहुधा कंपनीची, जेवण मेसमध्ये. हातात आले त्यातले बहुतेक घरी येते. जर्मनीचा हिशेब याच्या उलटा आहे. पगार मोठा दिसतो, पण तो हातात येण्याआधीच सुमारे तिसरा हिस्सा कापला जातो, आणि त्यानंतर खोलीही आपली आपणच शोधायची.

इचलकरंजीच्या आमच्या एका जुन्या पेढीवाल्यांचा मुलगा स्टुटगार्टजवळच्या इस्पितळात नर्सचे काम करतो. त्याला आम्ही फोन लावला आणि एकेक कलम विचारून घेतले. बिनलग्नाच्या, मूल नसलेल्या माणसाचा पगार तीन हजार युरो धरा. पेन्शनसाठी नऊ टक्क्यांहून थोडे जास्त जाते. आजारपणाच्या विम्याला पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास, म्हातारपणच्या सेवेच्या विम्याला दोन-अडीच टक्के, बेकारी विम्याला सव्वा टक्क्याच्या वर. हे झाले साडेसहाशे. वरून आयकर पावणेतीनशे ते तीनशे. हातात पडतात दोन हजार पन्नास-साठ. ख्रिस्ती लोकांकडून चर्चचा करही पगारातच कापून घेतात, बाडेन-वुर्टेमबर्गात तो आयकराच्या आठ टक्के आहे. आपल्या मुलांना तो लागत नाही. गावच्या कचेरीत नाव नोंदविताना धर्म विचारतात तो याच हिशेबासाठी, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खरे ते लिहावे.

भाच्याचा चेहरा इथेच उतरला. "मामू, साडेनऊशे युरो म्हणजे पंचाण्णव हजार. एवढे सरकार खाते?"

खात नाही, आणि हे नीट समजून घेतले पाहिजे. या कपातीच्या बदल्यात डॉक्टरकडे कार्ड दाखवायचे, पैसे मोजायचे नाहीत. औषधाला पाच-दहा युरो आणि इस्पितळात दाखल झाल्यास दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस. नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. आठवड्यात पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान वीस दिवस पगारी रजा कायद्याने मिळते. पेन्शनची रक्कमही बुडीत नाही. भारत आणि जर्मनीमधील सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. आमच्या इथे शिडीवरून पडलेल्या वायरमनला दुसऱ्या दिवसापासून कोण मजुरी देतो? त्याच्या घरचे सोने आधी बँकेत जाते, मग सावकाराकडे. तेव्हा त्या साडेनऊशे युरोंना आम्ही निव्वळ तोटा म्हणणार नाही. पण हातात येणारी रक्कम म्हणूनही ते मोजता येणार नाहीत.

आता हातातल्या दोन हजारांचे पाहू. सगळ्यात मोठे कलम खोलीचे. स्टुटगार्ट हे जर्मनीतील महागड्या शहरांपैकी एक. तिघा-चौघांनी घेतलेल्या घरात एक खोली पाचशे ते सहाशे युरो. भाडे विचारताना 'थंड' की 'गरम' हे विचारायचे, असे तो मुलगा म्हणाला. आम्हाला वाटले थट्टा करतो. थंड भाडे म्हणजे नुसत्या भिंतींचे. गरम भाड्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्याचा दिवा यांचा खर्च धरलेला असतो. जाहिरातीत थंड भाडे मोठ्या अक्षरात असते. शिवाय अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी मागता येते. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, पण हे नव्या माणसाला घरमालक आपणहून सांगत नाही. शहरापासून दूर, डोंगरातल्या लहान गावांत भाडे उतरते. तिकडे कामही आहे, फक्त संध्याकाळी बस लवकर संपते.

बसचे कलम बरे आहे. जर्मनीभर सर्व शहर बस आणि साध्या रेल्वेगाड्यांना चालणारा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. मोटार घेण्याचा मोह पहिली दोन वर्षे टाळावा.

खाण्याचा खर्च माणसाच्या हातात आहे. बाहेर एक डोनर कबाब सात-आठ युरोला पडतो, म्हणजे सात-आठशे रुपये. घरी शिजविणाऱ्याचे महिन्याचे अडीचशे युरोत भागते. लिडल, आल्डी या स्वस्त दुकानांत दूध, अंडी, भाजी, तांदूळ मिळतो. हलाल मांसाची अडचण मुळीच नाही. तुर्कस्तानशी जर्मनीने ऑक्टोबर १९६१ मध्ये मजुरांचा करार केला, तेव्हापासून लाखो तुर्क तिथे स्थायिक झाले, आणि बहुतेक गावात त्यांचा खाटीक आणि किराणा आहे. तूरडाळ आणि आपला मसाला भारतीय दुकानात मिळतो, पण भाव ऐकून डाळ मोजून शिजवावी लागते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की ते पैसे मिळतात. आमच्या ओळखीचा तो मुलगा महिन्याच्या बाटल्या साठवून एका दिवशी नेतो. त्या प्रांतातील लोक स्वतःच फार काटकसरी म्हणून जर्मनीत नावाजलेले आहेत. जिना झाडण्याची पाळी प्रत्येक भाडेकरूवर आठवड्याने येते आणि चुकवली तर शेजारी बोलून दाखवितात. रविवारी दुकाने बंद. शनिवारी सामान आणले नाही तर उपास.

मग किरकोळ. फोन आणि इंटरनेट पंचवीस. रेडिओ-टी.व्ही.ची फी घरटी १८.३६ युरो. घरात टी.व्ही. असो वा नसो, ती भरावीच लागते. तिघांत वाटली तर सहा. केस कापणे, साबण, कपडे, एखादे औषध मिळून सव्वाशे. कपड्यांबद्दल आम्ही आमच्या धंद्याचे एक सांगतो. लुधियानाचे स्वेटर, गरम बनियन, मोजे इथून न्यावेत, वजनाला हलके आणि तिकडच्या निम्म्याहून कमी भावात. पण वरचे जाड जॅकेट इथून घेऊ नये. आपल्या बाजारातील जॅकेट लातूरच्या थंडीचे असते. ते तिथेच, जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्यावे.

बेरीज केली. खोली साडेपाचशे, जेवण अडीचशे, पास त्रेसष्ट, बाकी दीडशेच्या थोडे वर. एक हजार वीस. उरले एक हजार चाळीस. रुपयात लाखाच्या किंचित वर. तीन लाखांचे एक लाख झाले. ही रक्कम लहान नाही. लातुरात महिना पंधरा-अठरा हजार मिळविणाऱ्या मुलाला लाख शिल्लक म्हणजे बरकतच. पण तीन हजार पगार मिळाला तर. जर्मनीत किमान मजुरी १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. त्या दराने महिन्याचे चोवीसशे होतात आणि हातात सतराशेच्या आसपास. तेव्हा शिल्लक सात-साडेसातशेवर येते. आणि बायको-मुलांना नेले तर? कर कमी होतो, तिथे राहणाऱ्या प्रत्येक मुलामागे सरकार २०२६ मध्ये महिना २५९ युरो देते, शाळेला फी नाही. पण दोन खोल्यांच्या घराला हजार-बाराशे लागतात, आणि एकाच्या कमाईत घरी पाठवायला फारसे राहत नाही. तेव्हा कुटुंब नेणाऱ्याने गावी पैसे पाठविण्याचे वचन जपून द्यावे.

पहिला पगार येईपर्यंतचे भांडवल वेगळे. तिकीट, व्हिसाचे ७५ युरो, कागदांचे भाषांतर आणि मान्यतेची फी, खोलीची अनामत, पहिले भाडे, महिन्याचे खाणे, जॅकेट. आमच्या अंदाजाने अडीच ते तीन लाख रुपये. हा खर्च खरा आहे आणि तो कोणालाही चुकत नाही. एजंटाच्या चार लाखांत यातले काय येते, असे विचारले तेव्हा भाच्याला सांगता आले नाही. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून कायद्याने तीस हजार रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. आम्ही पाहिले. त्याचे नाव नव्हते.

मेहुणे रात्री आले. चहा घेतला, कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजायच्या सुमारास जुनी किल्लारी बसली तेव्हा त्यांची शिलाई मशीन ढिगाऱ्यातून काढायला आम्ही बरोबर होतो. पुढे नव्या गावात वीस वर्षे पैसा-पैसा जोडून हा गाळा झाला. अनुदानाची एकरकमी रक्कम हातात आली तेव्हा गावात कोणी मोटारसायकल घेतली, कोणी भिशीत घातली, आणि दोन वर्षांनी हात रिकामे, हे आम्ही दोघांनीही पाहिलेले आहे.

"भाईजान, म्हणजे पाठवूच नको म्हणता?"

"तसे नाही, दुल्हेभाई. पाठवा. पण गाळ्यावर नको. आधी भाषा होऊ द्या. भाषेला लागतील ते हजार आम्ही देतो, पगारातून फेडू दे. बी-वन परीक्षा पास झाला तर मालक तिकडूनच बोलावील आणि एजंट लागणार नाही. नापास झाला तर गेले ते भाषेचे पैसे. गाळा तर जागेवर आहे."

गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी नकार कळविला. तो थोडा रागावला.

भाचा आता काम सुटल्यावर लातुरातच जर्मनच्या क्लासला बसतो. दोन पायऱ्या झाल्या, तिसरीला आहे. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देणार आहे. व्याकरणाने त्याला घाम फोडला आहे, टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी, यावर त्याची रोज तक्रार असते. पण आकडे त्याला लगेच आले. जर्मन माणूसही आपल्यासारखाच एकक आधी आणि दशक मागून म्हणतो, आपले पंचवीस तसे त्यांचे 'पाच आणि वीस'. रविवारी तो आमच्या दुकानी येतो आणि मीटरपट्टीने कापड मोजताना जर्मनमध्ये मोजतो. गिऱ्हाईक बायका हसतात. परवा एका आजीने त्याला थांबवून पुन्हा मराठीत मोजायला लावले, आणि माप बरोबर निघाले.