एसजीपीए, सीजीपीए आणि टक्केवारी : मेमो हातात आल्यावर मोबाईलवर स्वतः हिशोब कसा करायचा?

निकाल लागला की आपल्या पालममध्ये पहिला मेसेज येतो तो "किती पडले?" असा. आणि आजकाल त्याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. कारण मेमोवर टक्के नसतात, तिथं ७.६४ असा काहीतरी आकडा असतो. घरच्यांना वाटतं पोराला दहापैकी साडेसात मिळाले, म्हणजे पंच्याहत्तर टक्के झाले. पोरगं पण तसंच सांगून मोकळं होतं. पुढं नोकरीचा फॉर्म भरताना मात्र हाच आकडा अडवतो.

ओळखीची मुलं मला मेमोचा स्क्रीनशॉट पाठवून टक्के काढून मागतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. यासाठी वेगळं ॲप घ्यायची गरज नाही. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन

आपल्या परभणी जिल्ह्यातली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं आणि तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची झाली. म्हणजे एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट.

क्रेडिट तासांवरून ठरतात. थिअरीला सत्रात १५ तास शिकवलं की १ क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्याच १ क्रेडिटसाठी ३० तास. त्यामुळे ४ क्रेडिटचा थिअरी पेपर आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल यांना वेळ सारखाच जातो, पण हिशोबात प्रॅक्टिकलचं वजन निम्मं. लॅबमध्ये उभं राहून पाय दुखणाऱ्यांना हे पटणार नाही, पण नियम तसा आहे.

दुसरी गोष्ट ग्रेड पॉइंट. यूजीसीने सुचवलेल्या दहाच्या मोजपट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे फक्त पास ४, आणि एफ किंवा गैरहजर शून्य. किती मार्कांना कोणती ग्रेड द्यायची हे मात्र यूजीसीने विद्यापीठांवर सोडलं आहे. म्हणून मित्राच्या विद्यापीठाचा तक्ता आपल्याला लावायचा नाही, आपल्या विद्यापीठाचा तक्ता बघायचा.

आता प्रत्यक्ष हिशोब

समजा बीएस्सीच्या एका सत्राचा मेमो असा आहे :

मुख्य विषय, पेपर पहिला : ४ क्रेडिट, ए (८)
मुख्य विषय, पेपर दुसरा : ४ क्रेडिट, बी प्लस (७)
प्रॅक्टिकल : २ क्रेडिट, ओ (१०)
दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय : ४ क्रेडिट, बी (६)
कौशल्याचा कोर्स : २ क्रेडिट, ए प्लस (९)
इंग्रजी : २ क्रेडिट, सी (५)
भारतीय ज्ञान प्रणाली : २ क्रेडिट, ए (८)
एनएसएस : २ क्रेडिट, ओ (१०)

प्रत्येक ओळीत क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करायचं. ३२, २८, २०, २४, १८, १०, १६, २०. बेरीज १६८. एकूण क्रेडिट २२. १६८ भागिले २२ म्हणजे ७.६३६, दोन दशांश ठेवले की ७.६४. हाच तुमचा एसजीपीए, म्हणजे त्या एका सत्राची सरासरी.

बरेच जण काय करतात? आठ ग्रेड पॉइंटची बेरीज ६३, भागिले ८, आले ७.८८. खूश! पण एनएसएसचा ओ आणि ४ क्रेडिटच्या पेपरातला बी यांना सारखं धरल्यामुळे हा आकडा फुगलेला असतो. खरा आकडा ७.६४ च.

यातून अभ्यासाचा एक हिशोबही कळतो. ४ क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड वर गेलात तर एसजीपीए ०.१८ ने वाढतो, २ क्रेडिटच्या विषयात तीच एक ग्रेड ०.०९ देते. वेळ कमी असेल तर कोणतं पुस्तक आधी उघडायचं ते तुम्हीच ठरवा.

कॅल्क्युलेटरवर टाकताना एक लक्षात ठेवा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वरची सगळी बेरीज कंसात घ्या आणि कंस बंद करून मग २२ ने भागा. कंस नसेल तर फक्त शेवटचा २० च भागला जातो आणि उत्तर भलतंच येतं. दुकानातल्या गल्ल्यावर असतो तो साधा कॅल्क्युलेटर तर आणखी वेगळा : तो गुणाकार आधी करत नाही, बटणं दाबाल त्या क्रमाने चालतो. त्यावर एकेक गुणाकार करून कागदावर मांडलेलं बरं. दर सत्राला हे करायचं असेल तर गूगल शीट्समध्ये एका रकान्यात क्रेडिट, शेजारी ग्रेड पॉइंट टाका आणि समप्रॉडक्ट फंक्शन वापरा. ते सगळे गुणाकार करून बेरीज एकदम देतं.

एखादा विषय राहिला तर?

वरच्याच मेमोत ऐच्छिक विषयात बीऐवजी एफ आला असं धरू. २४ गेले, राहिले १४४. आता १४४ ला २२ नेच भागायचं. आले ६.५५. काही जण म्हणतात, "तो विषय राहिलाच आहे ना, मग त्याचे क्रेडिट कशाला धरायचे?" आणि १८ ने भागून बरोबर ८.०० काढतात. नापास झाल्यावर सरासरी वाढली असं कुठं असतं का! नापास विषयाचे पॉइंट शून्य, पण क्रेडिट भागाकारात राहतातच. काही विद्यापीठं तर तो विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

सीजीपीए : सत्रांची सरासरी, पण तिलाही वजन आहे

दुसऱ्या सत्रात २० क्रेडिट आणि एसजीपीए ६.४० आला, तर पॉइंट झाले १२८. पहिल्याचे १६८. दोन्ही मिळून २९६, भागिले ४२, म्हणजे ७.०५. नुसती ७.६४ आणि ६.४० ची सरासरी काढली असती तर ७.०२ आली असती. दोन्ही सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तरच तो शॉर्टकट चालतो. माझा सल्ला असा की दर सत्राची पॉइंटची बेरीज कुठंतरी लिहून ठेवा. एसजीपीएपेक्षा ती जास्त कामाची आहे.

टक्के काढताना सगळा घोटाळा होतो

गूगलवर शोधलं की पहिल्यांदा ९.५ ने गुणा असं सांगणारी वेबसाइट समोर येते. हा ९.५ आला कुठून? सीबीएसईच्या दहावीतून. २०१७ पर्यंत तिथं दहावीला सीजीपीए मिळायचा. ९१ ते १०० मार्कांच्या गटातल्या मुलांची सरासरी साधारण ९५ निघत होती, तिला दहाने भागून ९.५ ठरला. तुमच्या बीए-बीएस्सीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तांत्रिक शिक्षणासाठी एआयसीटीईने दिलेला तक्ता वेगळा : ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.२५ ला ६५. म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. आता आपला ७.०५ घ्या. थेट दहाने गुणला तर ७०.५ टक्के, ९.५ ने गुणला तर ६६.९८, एआयसीटीईच्या पद्धतीने ६३. मेमो एकच आणि टक्के तीन.

एकाच घरात दोन पद्धती असू शकतात, हेही सांगतो. धाकटा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री करत असेल, तर त्याच्याकडं ओजीपीए असतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने घालून दिलेल्या पद्धतीत मार्कांना थेट दहाने भागतात. ८०.७६ मार्क पडले तर ग्रेड पॉइंट ८.०७६. तिथं दहाने गुणणं बरोबरच आहे, कारण आकडा मुळात तसाच बनलेला आहे. पण त्याच पद्धतीत प्रथम श्रेणी ७ पासून सुरू होते, ६ पासून नाही. त्यामुळे थोरल्याचा ६.८ आणि धाकट्याचा ६.८ शेजारी ठेवून "दोघं सारखेच" म्हणू नका.

याने नोकरीत काय फरक पडतो? बँक भरतीच्या आयबीपीएसच्या जाहिराती नीट वाचा. जिथं ६० टक्क्यांची अट असते तिथं ५९.९९ सुद्धा साठपेक्षा कमीच धरलं जातं, वर ढकलत नाहीत. ग्रेड असलेल्या उमेदवाराने टक्के करून भरायचे असतात, आणि मुलाखतीला बोलावलं तर आपल्या विद्यापीठाच्या नियमाने ते टक्के कसे आले याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ॲपचा स्क्रीनशॉट तिथं कुणी बघत नाही. म्हणून आधी गुणपत्रकाच्या मागची बाजू वाचा. तिथं रूपांतराचा नियम नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा आणि विद्यापीठाकडे अर्ज करा. जाहिरात आल्यावर पालमहून लोहामार्गे नांदेडला धावाधाव करण्यापेक्षा पदवीच्या कागदांबरोबरच हे काढून घेतलेलं सोपं पडतं.

शेवटी, जे अजून शिकत आहेत त्यांच्यासाठी उलटा हिशोब

समजा सगळी सत्रं २२ क्रेडिटची आहेत आणि चार सत्रं संपल्यावर सीजीपीए ६.१० आहे. तुम्हाला ६.७५ हवा आहे. सहा सत्रांचे क्रेडिट १३२, त्याला गुणिले ६.७५ म्हणजे ८९१ पॉइंट लागणार. आजपर्यंत मिळाले ८८ गुणिले ६.१०, म्हणजे ५३६.८. उरले ३५४.२, आणि हातात ४४ क्रेडिट. भागून बघा : ८.०५. म्हणजे उरलेल्या दोन्ही सत्रांत सरासरी एपेक्षा थोडं वर राहायचं. कठीण आहे, पण होऊ शकतं.

आता पाचव्या सत्रातही "बघू पुढं" म्हणत ६.१० च आला असं धरा. ११० क्रेडिटचे पॉइंट ६७१ होतात. ८९१ मधून वजा केले की राहतात २२०, आणि क्रेडिट फक्त २२. म्हणजे सहाव्या सत्रात पूर्ण १०, एनएसएसपासून मुख्य पेपरापर्यंत सगळीकडे ओ.