लॉबीतलं अंडं

आर्न याकोबसन हा डॅनिश वास्तुशिल्पी आपल्या कामात दुसऱ्या कुणाला लुडबूड करू देणाऱ्यातला नव्हता. कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलचं काम मिळालं, तेव्हा इमारत तर त्यानं आखलीच. पण दाराच्या मुठी, दिवे, ॲशट्रे, काटे-चमचे हेही स्वतःच आखून टाकले. १९६० साली उघडलेलं हे हॉटेल बाहेरून म्हणजे नुसती काच आणि काटकोन. एवढी फूटपट्टी चालवल्यावर लॉबीत बसायला मात्र त्यानं शोधूनही सरळ रेघ सापडणार नाही अशी खुर्ची केली. तीच ही १९५८ची ‘एग’.

तिची उंची १०७ सेंटिमीटर. पाठीच्या दोन्ही कडा पुढे वळून कानांपर्यंत येतात. त्यामुळे भर वर्दळीच्या लॉबीतही बसणाऱ्याला चक्क एकांत मिळतो. शिवाय ती गोल फिरते. नको असलेला ओळखीचा माणूस दारातून येताना दिसला, की पाय जमिनीला रेटायचा आणि पाठ करायची. माझ्या मते सगळी करामत या एका सोयीत आहे. आकाराचं कौतुक नंतर.

तो आकार कागदावर जन्मलाच नाही. याकोबसन आपल्या गॅरेजमध्ये तार आणि प्लास्टर घेऊन, मूर्तिकारासारखा, कवच घडवत बसला होता. एरवी सोफ्याच्या पोटात लाकडी सांगाडा असतो. इथे मात्र त्या काळी नव्यानंच हाती आलेला कडक फोम वापरला. खरी परीक्षा पुढे, गादीकाम करणाऱ्यांची. पृष्ठभाग चहूबाजूंनी वळलेला, त्यावर कातडं सुरकुती न पडता बसवायचं, म्हणजे उशीला अभ्रा चढवण्याइतकं सोपं नाही. फ्रिट्झ हान्सेन कंपनीचे कारागीर ते हातानं शिवतात. किंमत ऐकून भुवया उंचावतात, त्याचं निम्मं उत्तर या शिवणीत आहे.

गृहस्थ लहानपणापासूनच असा. घरातल्या आपल्या खोलीचा नक्षीदार वॉलपेपर त्यानं सरळ पांढरा रंगवून टाकला, असं सांगतात. आधी गवंडीकाम शिकला, मग वास्तुकला. विद्यार्थी असतानाच १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात खुर्चीसाठी रौप्यपदक! पुढे १९४३ साली, जर्मन ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा ज्यू कुटुंबातल्या याकोबसनला छोट्या होडीतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडन गाठावं लागलं. त्याच होडीत दिव्यांसाठी नावाजलेला पोल हेनिंगसनही होता. स्वीडनमध्ये इमारतींची कामं फारशी नव्हती, तर पठ्ठ्यानं पत्नी योनाच्या साथीनं कापडावरची फुलापानांची नक्षी काढली. आणि हा तोच मुलगा, वॉलपेपर पुसणारा!

सिनेमाचंही एक कोडं आहे. ‘मेन इन ब्लॅक’मध्ये उमेदवार अंड्यासारख्या खुर्च्यांत अवघडून परीक्षा देतात, त्या याकोबसनच्या नव्हेत, त्या हेन्रिक थोर-लार्सेन या डिझायनरच्या, १९६८च्या. याकोबसन पडद्यावर झळकला तो चमच्यांमुळे. दिग्दर्शक कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधले अंतराळवीर जेवतात ते त्याच्याच काट्या-चमच्यांनी.

२००७ साली तर एग मॅकडोनाल्ड्समध्ये पोहोचली. पटकन खाऊन उठायच्या जागी, उठूच नये अशी खुर्ची! हा संसार टिकला नाही. ब्रिटनमधल्या काही शाखांत अस्सल खुर्च्यांच्या जोडीला नकला दिसल्या आणि फ्रिट्झ हान्सेननं विक्रीच थांबवली. पुढच्या वर्षी, खुर्चीच्या पन्नाशीला, ताल आर या चित्रकारानं ५० एग रंगीबेरंगी ठिगळांनी मढवल्या. शिस्तप्रिय याकोबसनला हे कितपत रुचलं असतं, देव जाणे.

दरम्यान हॉटेलची अनेकदा डागडुजी झाली, नाव बदललं, जुनं सामान गेलं. फक्त खोली क्रमांक ६०६ निळसर-हिरव्या रंगात मूळ रूपात राखली आहे. भाडं भरायची तयारी असेल, तर तिथे मुक्कामही करता येतो.